ऑर्केस्ट्राशिवाय कॉन्चेर्तो: हॅमलिनचा आल्काँ

एट्यूड, म्हणजे हाताच्या सरावासाठी लिहिलेली रचना, म्हटलं की आपल्याकडे पियानो शिकणाऱ्याला दोनच संगीतकारांची नावं आठवतात. आधी चेर्नी, म्हणजे शिक्षा. मग शोपँ, म्हणजे स्वप्न. फार तर लिस्टचं नाव भीतभीत घेतलं जातं. एकोणिसाव्या शतकात युरोपात एट्यूड्सचा नुसता पूर आला होता आणि त्यातलं पुष्कळसं आजही ऐकावं असं आहे, हे परीक्षेच्या सिलॅबसवरून कळायला काही मार्ग नाही. मी ठाण्यात मुलांना पियानो शिकवतो, तोही बहुतेक परीक्षांपुरता. त्यामुळे ही तक्रार थोडी माझ्याच धंद्याविरुद्ध आहे.

तर अशा बाजूला पडलेल्या एट्यूड्सच्या एका सीडीबद्दल लिहितो. मार्क-आंद्रे हॅमलिन या कॅनेडियन पियानिस्टने हायपेरियन या ब्रिटिश कंपनीसाठी वाजवलेली, २००७ साली आलेली. संगीतकार शार्ल-व्हालाँतँ आल्काँ. मुख्य रचना 'एकट्या पियानोसाठी कॉन्चेर्तो' (कॉन्चेर्तो म्हणजे एरवी एक वादक आणि ऑर्केस्ट्रा यांनी मिळून वाजवायची मोठी रचना), आणि तिच्यामागे ओपस ६५ मधली सहा छोटी गाणी; ओपस म्हणजे संगीतकाराच्या प्रसिद्ध रचनांचा क्रमांक. गाणी म्हणजे शब्दांशिवायची, पियानोचीच.

कॉन्चेर्तो आणि एट्यूड? हो, इथेच गंमत आहे. आल्काँने १८५७ साली ओपस ३९ प्रसिद्ध केलं: बाराही मायनर स्वरांतले, म्हणजे काहीशा उदास छटेच्या बारा स्वरमालांतले, बारा एट्यूड्स. पहिला ए मायनरमध्ये, पुढचा डी, मग जी, मग सी. दर वेळी आधीच्या सुरापासून मोजून चौथ्या सुरावर सरकत तो बारावा ई मायनरमध्ये संपवतो. इथपर्यंत सगळं शिस्तीचं. पण त्यातले क्रमांक चार ते सात मिळून त्याने एक 'सिम्फनी' केली, आठ ते दहा मिळून हा 'कॉन्चेर्तो' केला, अकरावा 'ओव्हर्चर' आणि बारावा म्हणजे 'इसापची मेजवानी', आठ मापांच्या (माप म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन) एका छोट्या चालीवरची पंचवीस व्हेरिएशन्स, म्हणजे त्याच चालीची बदलती रूपं. पहिल्या एट्यूडचं नाव 'वाऱ्यासारखा', आणि तो सांगितलेल्या वेगाने वाजवायचा तर सेकंदाला सोळा सूर पडतात. असले आकडे ऐकले की माझ्या विद्यार्थ्यांचे डोळे चमकतात आणि मला त्याची जरा भीतीच वाटते.

बारावीतल्या एका विद्यार्थिनीला मी या कॉन्चेर्तोचा पहिला भाग ऐकवायला घेतला. दहा मिनिटं ती मुकाट्याने ऐकत होती. मग म्हणाली, "सर, हा एट्यूड आहे? अजून संपला नाही." मी म्हटलं, अजून एक तृतीयांशच झालाय. "मग चेर्नीने आपल्यावर उपकारच केले म्हणायचे," एवढं बोलून तिने पाण्याची बाटली उघडली. तिचं चुकलं नाही. या एका भागाची तेराशेहून अधिक मापं आहेत आणि हॅमलिनच्या हाती त्याला अर्ध्या तासाला मिनिटभर कमी एवढा वेळ लागतो. ठाण्याहून फास्ट लोकल पकडली की दादर येईस्तोवर एक एट्यूड! आल्काँलाही याची कल्पना असावी. हा भाग मैफलीत सुटा वाजवायचा तर कुठून कुठपर्यंत गाळावं, हे त्याने स्वतःच सुचवून ठेवलं आहे. हॅमलिन काही गाळत नाही.

लोकलमध्ये ऐकायचं मात्र नाही, हे आधीच सांगून ठेवतो. दुसरा भाग इतका खालच्या पट्टीत आणि हळू आवाजात सुरू होतो की दादरच्या पुढे तुम्हाला वाटेल हेडफोन बिघडले.

आता रचनेबद्दल. नेहमीच्या कॉन्चेर्तोत आधी ऑर्केस्ट्रा बोलतो, त्याला 'टुट्टी' म्हणतात, आणि मग पियानोवाला प्रवेश करतो. इथे दोन्ही भूमिका एकाच माणसाच्या दहा बोटांकडे आहेत. छापील प्रतीत आल्काँ चक्क 'टुट्टी' आणि 'सोलो' असं लिहून ठेवतो. एकपात्री प्रयोगात नट मान वळवून आवाज बदलतो आणि आपल्याला दुसरं माणूस दिसायला लागतं, तसं पियानिस्टने इथे करायचं आहे, तेही नेपथ्याशिवाय. टुट्टीत हात जाड, भरीव, जरा बोजड हवा. ऑर्केस्ट्रा कधी चपळ नसतो. सोलो आला की तोच हात एकदम मोकळा, लवचीक, थोडा मिजासखोर. फरक दाखवायला फक्त स्पर्श आणि पेडल, बाकी काही नाही.

या एट्यूडमधलं अवघडपण मला इथे सगळ्यात जास्त जाणवतं. बोटांचा वेग वगैरे आहेच: लांब उड्या, दोन्ही हातांना ऑक्टेव्ह, जाड कॉर्ड्सच्या माळा, आणि एका टोकाची बासची रेघ धरून ठेवत वर तिसऱ्याच ठिकाणी चाललेला गोंधळ. ते जमवणारे आज जगात थोडे तरी सापडतील. पण ते सगळं जमल्यावर ऐकणाऱ्याला 'आता ऑर्केस्ट्रा थांबला आणि एक माणूस बोलायला लागला' असं वाटायला लावणं, ही निराळी विद्या आहे. हॅमलिनला ती येते. पहिल्याच भागात लांबलचक टुट्टी संपून पियानो 'आत येतो', तेव्हा पियानो तर मघापासून वाजतच होता हे डोक्याला माहीत असूनही कान फसतात. मी ही जागा कितीतरी वेळा मागे नेऊन ऐकली, जोड कुठे आहे ते शोधायला. आवाज त्याने फारसा कमी केलेला नाही. सुरांच्या टोकांना धार आणली आहे आणि पेडल बदलायची जागा हलवली आहे. एवढंच, निदान माझ्या कानाला लागलं तेवढं.

याच भागात शेवटाकडे एक जागा आहे. तिथे 'जी-शार्प' हा एकच सूर सतत, फार वेगात पुन्हा पुन्हा वाजत राहतो आणि त्याच्याभोवती बाकीचं संगीत फिरतं. पियानोवर एकच पट्टी इतक्या वेगाने पुन्हा वाजवणं बोटांइतकंच यंत्रावरही अवलंबून असतं. पॅरिसच्या एरार यांनी १८२१ साली एका यंत्रणेचं पेटंट घेतलं. तिच्यामुळे पट्टी पूर्ण वर यायच्या आधीच हातोडी पुन्हा मारता येते. आजच्या ग्रँड पियानोत तीच यंत्रणा असते, आल्काँ एरारच्याच पियानोवर वाजवायचा, आणि हे पान त्या यंत्राला समोर ठेवून लिहिलेलं आहे हे उघड दिसतं. माझ्या घरच्या उभ्या पियानोवर मी ते संथ लयीत वाजवून पाहिलं. वेग जरा वाढवला की मधले सूर गळायला लागतात, कारण उभ्या पियानोत पट्टी जवळजवळ पूर्ण वर यावी लागते. हॅमलिनच्या वाजवण्यात सूर गळत नाहीत, शिवाय ते एकसारखेही राहत नाहीत. तो त्या एका सुराला हळूहळू चढवत नेतो आणि मग अंगावर काटा येतो. नुसता वेग दाखवायचा असता तर ही जागा शिलाई मशीन झाली असती, आणि काहींनी ती तशी केलेलीही आहे.

बायकोचं मत निराळं. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, हा माणूस एकटा पडलाय म्हणून इतकं वाजवतोय का?" तिने सहज म्हटलं, पण आल्काँच्या बाबतीत ते फार चुकीचं नाही. पॅरिसमध्ये १८१३ साली जन्मलेला हा ज्यू मुलगा सहाव्या वर्षी कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे तिथल्या संगीत विद्यालयात, गेला. तरुणपणी शोपँचा शेजारी आणि मित्र, लिस्टच्या बरोबरीने नाव घेतलं जाणारा पियानिस्ट. मग १८४८ साली कॉन्झर्व्हेटरीतली पियानो प्राध्यापकाची जागा, जी आपल्यालाच मिळणार असं त्याला वाटत होतं, ती मार्मोंतेलला मिळाली. पुढच्याच वर्षी शोपँ गेला. पियानो शिकवण्याच्या पद्धतीवरची आपली अर्धवट टिपणं शोपँने मागे ठेवली ती आल्काँ आणि रेबर या दोघांसाठी. त्यानंतर आल्काँ जवळजवळ वीस वर्षं मैफलीच्या मंचावरून नाहीसाच झाला. बायबल आणि तालमूद हा ज्यूंचा धर्मग्रंथ वाचत, भाषांतर करत घरात राहिला. १८७३ पासून त्याने छोट्या मैफलींची मालिका पुन्हा सुरू केली, १८८८ साली वारला. कपाट अंगावर पडून मेला, वरच्या फळीवरचं तालमूद काढताना, अशी एक दंतकथा सगळीकडे सांगतात. संशोधकांनी ती केव्हाच खोडून काढली आहे. मला ती दंतकथा आवडत नाही. माणसाच्या संगीतापेक्षा त्याच्या मरणाची गोष्ट जास्त फिरते.

ओपस ३९ त्या गायब झालेल्या वर्षांत बाहेर आलं. ऑर्केस्ट्राचा कॉन्चेर्तो लिहायचा, पण ऑर्केस्ट्रा नाही, सभागृह नाही, मग सगळं पियानोतच कोंबायचं. असा अर्थ काढायचा मोह होतो. मी तो थोडा आवरतो, कारण पहिल्या भागात इतकी ऐट, इतकी चेष्टा आहे की हा कुढत बसलेला माणूस वाटत नाही.

दुसरा भाग, सी शार्प मायनरमधला अदाज्यो, म्हणजे संथ लयीतला, माझा सगळ्यात आवडता. पियानोच्या मधल्या-खालच्या पट्ट्यांत चेलोसारखी धून सुरू होते. वाजवायला ती वरवर सोपी दिसते, म्हणून मी आधी हीच पानं घेतली. सूर जमतात, पण पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून मरायला लागतो, आणि इथे तर तो गजाने ओढल्यासारखा लांबवायचा आहे. पुढचा सूर आधीच्या सुराच्या उरलेल्या आवाजाइतक्याच वजनाने ठेवावा लागतो, नाहीतर प्रत्येक सुराला धक्का बसतो. आठवडाभर दोन ओळी केल्यावर माझ्या लक्षात आलं की मनगटापेक्षा कानच जास्त दमतो. मधे ढोलाचे दबके ठोके येतात, अंत्ययात्रेसारखे, आणि हॅमलिन ते इतके कोरडे वाजवतो की ऐकताना जरा अस्वस्थ व्हायला होतं. अवघड एट्यूड म्हणजे वेगवान, या समजुतीवर हा अदाज्यो चांगला उतारा आहे.

तिसरा भाग 'आला बार्बारेस्का', म्हणजे रांगड्या ढंगाचा. पोलोनेझ या पोलिश नाचासारखा ठेका, अचानक वळणं, भलत्याच ठिकाणी दिलेला जोर. आल्काँला विनोद करता येत होता हे इथे कळतं. पहिल्यांदाच ऐकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. दहा मिनिटांच्या आत संपतो आणि दम लागतो.

आता हॅमलिनविषयी जे थोडं खटकतं ते. त्याला सगळंच सोपं जातं. हा आरोप म्हणून विचित्र आहे, मान्य. पण रॉनल्ड स्मिथ या इंग्रज पियानिस्टने सत्तरच्या दशकात पूर्ण ओपस ३९ रेकॉर्ड केलं, ते ऐकलं की काही ठिकाणी माणूस कड्याच्या टोकावर उभा असल्यासारखा वाटतो. जॅक गिबन्सने १९९५ साली ऑक्सफर्डमध्ये हे बाराही एट्यूड्स एकाच मैफलीत वाजवले होते. त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये एक बेफिकिरी आहे, घाई आहे, आणि तीही मला हवीशी वाटते. हॅमलिन कधी पडेल अशी भीतीच वाटत नाही. पहिल्या भागात दोन-तीन ठिकाणी मला वाटलं, बाबा रे, थोडा घाम दिसू दे.

मग मी उलटा विचार केला. आल्काँ स्वतः लयीच्या बाबतीत कडक म्हणून प्रसिद्ध होता. भावनेच्या भरात लय ओढणं-सोडणं त्याला खपत नसे. हॅमलिन तेच करतो: लय धरून ठेवतो आणि सगळं सौंदर्य त्या चौकटीच्या आत घडवतो. या रचनेची तेराशे मापं एकत्र उभी राहतात ती त्यामुळेच. स्मिथकडे माझी आवडती क्षणचित्रं जास्त आहेत, पण पहिल्या भागाचा पूर्ण आराखडा मला हॅमलिनकडेच कळला. त्याने हीच रचना नव्वदच्या दशकात दुसऱ्या कंपनीसाठीही वाजवली होती. ती आवृत्ती थोडी जास्त रागीट आहे, ही जास्त शहाणी. मी शहाणी निवडेन, पण वाद घालायला तयार आहे.

या माणसाचा आल्काँशी संबंध घरातूनच आला. मॉन्ट्रियलमध्ये त्याचे वडील औषधनिर्माते होते आणि हौशी पियानिस्टही; अशा विसरलेल्या संगीतकारांचं वेड त्यांनीच मुलाला लावलं. पुढे हॅमलिनने स्वतःही बाराही मायनर स्वरांत बारा एट्यूड्स लिहिले. ते ऐकताना आल्काँची सावली स्पष्ट दिसते.

सीडीच्या शेवटची ओपस ६५ ची सहा गाणी बिचारी वाया जातात. मेंडेल्सोनच्या शब्दांशिवायच्या गाण्यांचा पहिला संच समोर ठेवून, त्याचाच स्वरक्रम धरून आल्काँने ती बांधली आहेत, आणि शेवटची बार्कारोल, म्हणजे नावाड्याचं गाणं, तर वाजवायला आवाक्यातली आहे, मी ती विद्यार्थ्यांना देतोही. पण पन्नास मिनिटांच्या कॉन्चेर्तोनंतर कान भरून गेलेले असतात. सीडी काढणाऱ्यांनी ती आधी ठेवायला हवी होती. तुम्ही निदान वेगळ्या दिवशी ऐका.

ध्वनिमुद्रण नितळ आहे. खर्जाच्या पट्ट्या गढूळ होत नाहीत, जे या संगीतात फार मोलाचं. पुस्तिका चांगली, माहितीपूर्ण, कंपनीच्या संकेतस्थळावर वाचायलाही मिळते. पूर्वी ही सीडी परदेशातून मागवावी लागायची आणि टपालखर्च बघून माणूस दोनदा विचार करायचा. २०२३ साली हायपेरियन युनिव्हर्सलने विकत घेतली आणि तेव्हापासून त्यांचा साठा टप्प्याटप्प्याने स्ट्रीमिंगवर आला. तिथे ऐकताना एक काळजी घ्या: शफल बंद करा. तीन भागांच्या मध्ये भलतंच काही घुसलं की सगळा डोलारा कोसळतो. आणि 'कॉन्चेर्तो फॉर सोलो पियानो' असंच शोधा, कारण कुणीतरी पुढे याला खरोखरीचा ऑर्केस्ट्रा जोडून ठेवला आहे आणि ती वेगळीच गोष्ट आहे.

हे आवडलं तर पुढे काय? हॅमलिनचीच त्याच ओपसमधली 'सिम्फनी', २००१ ची. तिचा शेवटचा ई फ्लॅट मायनरमधला प्रेस्तो, म्हणजे अतिवेगवान भाग, ऐकून उठताना मला खुर्चीचा हात धरावा लागला होता. ज्यांना इतकं वादळ नको त्यांनी याच कंपनीसाठी पीअर्स लेनने वाजवलेले हेन्सेल्टचे एट्यूड्स घ्यावेत. हेन्सेल्ट बव्हेरियातला, पुढे सेंट पीटर्सबर्गला स्थायिक झालेला, हात प्रचंड पसरणारा आणि मंचाला इतका घाबरणारा की तिशीतच त्याने जाहीर वाजवणं जवळजवळ सोडलं. त्याचा 'मी पक्षी असतो तर' हा एफ शार्प मेजरमधला एट्यूड दोनेक मिनिटांचा आहे, ऐकायला अगदी हलका, आणि वाजवायला बसलं की दोन-दोन सुरांच्या जोड्यांनी हाताची वाट लावतो. लेननेच मोशेलेसचे आणि सँ-साँसचे एट्यूड्सही केले आहेत. सँ-साँसचा डाव्या हाताचा संच घरात कामं करताना लावायला छान. ल्यापुनोव्ह या रशियन संगीतकाराबद्दल वेगळं लिहावं लागेल: लिस्टने आपल्या एट्यूड्समध्ये सोडून दिलेले शार्पचे स्वर घेऊन त्याने बारा एट्यूड्स पूर्ण केले, त्यातल्या दहाव्या 'लेझगिंका'वर माझा एक माजी विद्यार्थी सध्या वेडा झाला आहे.

नोटेशन हवं असेल तर ओपस ३९ च्या जुन्या फ्रेंच छापील प्रती, देलाबोर्द आणि फिलिप यांनी संपादलेल्या, आता कॉपीराइटमधून मुक्त आहेत आणि इंटरनेटवर फुकट मिळतात. कॉन्चेर्तोचीच शंभराच्या वर पानं भरतात, त्यामुळे सगळं छापत बसू नका. अदाज्योची पहिली दोन पानं छापा, आणि ऐकताना पहिल्या भागाची पडद्यावर उघडी ठेवा. 'सोलो' हा शब्द कुठे लिहिलाय ते आधी बघून ठेवू नका. कानाला ओळखता येतं का ते पाहा, मग पानाशी ताडून घ्या.